पाणी कुठं जातं? चंदीगडच्या कॅपिटॉल कॉम्प्लेक्सची टूर, एका पीडब्ल्यूडीवाल्याच्या नजरेतून

मी सार्वजनिक बांधकाम खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली बहुतेक रत्नागिरी जिल्ह्यात. कामाचं स्वरूप एका वाक्यात सांगायचं तर सरकारी इमारत कुठून गळते ते शोधणं. तहसील कचेरी असो नाहीतर विश्रामगृह, मृग लागला की फोन ठरलेला : साहेबांच्या टेबलावर पाणी पडतंय, माणूस पाठवा. मग कोबा करा, डांबर ओता, शेवटी वर पत्रे चढवा. त्यामुळे कौलाचा उतार सोडून सपाट स्लॅबच्या नादाला ज्यांनी जगाला लावलं त्या मंडळींवर माझा जुना राग आहे, आणि त्या यादीत ल कॉर्बुझिए या वास्तुविशारदाचं नाव पहिलं.

पुतण्या सैन्यात आहे, सध्या चंडीमंदिरला. फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. "काका, तुमच्या खात्याची काशी इथं जवळच आहे," म्हणत त्याने आम्हाला कॅपिटॉल कॉम्प्लेक्सच्या, म्हणजे कॉर्बुझिएने आखलेल्या हायकोर्ट, विधानसभा आणि सचिवालयाच्या परिसराच्या, टूरला धाडलं.

आधी कामाचं सांगतो. टूर चंदीगडच्या पर्यटन खात्याची. हायकोर्टाजवळच्या माहिती केंद्रापासून ठरलेल्या वेळांना निघते. आम्ही सकाळची धरली. ओळखपत्र लागतंच, आधार जवळ ठेवा. आम्हाला पैसे काही पडले नाहीत. रजिस्टरमध्ये नाव लिहायचं आणि गाइडबरोबर चालायचं, आपले आपण आत हिंडायला मिळत नाही. बंदोबस्त कडक आहे. १९९५ च्या ऑगस्टमध्ये पंजाबचे मुख्यमंत्री बेअंत सिंग यांची इथल्या सचिवालयाबाहेरच बॉम्बस्फोटात हत्या झाली, एवढं आठवलं की जागोजागच्या तारांचं आणि चौक्यांचं कारण कळतं. टोपी न्या. चालायचे बूट घाला. आमच्या सौ.नी नवीन चपला घातल्या होत्या, त्याचं पुढे सगळ्यांना ऐकावं लागलं.

आमच्या तुकडीत आठ जण. आर्किटेक्चरची चार मुलं वह्या घेऊन, एक परदेशी जोडपं आणि आम्ही. गाइड पंचविशीतली मुलगी, हिंदी-इंग्रजी दोन्हीत सफाईदार. मला पहिल्या पाच मिनिटांत अंकलजी करून टाकलं.

सुरुवातीची गोष्ट तिने थोडक्यात आणि चांगली सांगितली. फाळणीत लाहोर गेलं, पंजाबला राजधानी उरली नाही. पहिला आराखडा अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी या दोघांचा, पण १९५० मध्ये नोविकी विमान अपघातात गेले. मग पी. एन. थापर आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा हे दोघे सरकारी अधिकारी युरोपात वास्तुविशारद शोधायला निघाले आणि कॉर्बुझिएला घेऊन आले. १९५१ च्या फेब्रुवारीत तो इथं पोचला. मुलं कॉर्बुझिएचं नाव लिहून घेत होती, मी वर्मांचं लिहिलं. गावाच्या कडेचा सुखना तलावही त्यांच्याच काळातला, १९५८ चा. मुख्य अभियंत्याने आर्किटेक्ट निवडायला परदेशात जावं, असे दिवस आमच्या खात्याने पाहिलेत हे वाचूनसुद्धा बरं वाटतं.

पहिलं हायकोर्ट. १९५५ चं. फोटोत दिसतात तेच तीन प्रचंड खांब, हिरवा, पिवळा, लाल. मला खांबांपेक्षा वरचं छत आवडलं. इमारतीच्या डोक्यावर दुसरं मोठं छप्पर उचलून धरलंय आणि दोघांच्या मध्ये पोकळी, वारा आरपार. ऊन वरच्या छताने खायचं, खालच्या खोल्या गार. आमच्याकडे घराला माळा असतो तो यासाठीच की! तिथं आंबे आणि पेंढा ठेवतात, इथं नुसती हवा ठेवलीय. मनातला राग पहिल्यांदा इथं थोडा उतरला.

मग मी विचारलं, "बेटा, वरचं पाणी कुठं जातं?" ती हसली. म्हणाली, असं अजून कुणी विचारलेलं नाही.

पण या कोर्टाची खरी मजा पडवीत आहे. कोर्टाच्या दालनांचे दरवाजे दर्शनी बाजूला थेट बाहेर उघडतात. ऊन आणि पाऊस सरळ न्यायमूर्तींच्या आणि वकिलांच्या अंगावर. इमारत उभी राहिल्यावर थोड्याच दिवसांत तक्रारी आल्या आणि पुढे व्हरांडा जोडावा लागला. मुख्य न्यायमूर्तींच्या १ नंबरच्या कोर्टापुढे मात्र तो नव्हता. हायकोर्टाने तो बांधा म्हणून आदेश दिला, चंदीगड प्रशासन म्हणालं की असं काही केलं तर जागतिक वारशाला धक्का लागेल. युनेस्कोने २०१६ मध्ये हा परिसर वारसा यादीत घेतलाय. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०२५ मध्ये निकाल व्हरांड्याच्या बाजूने लागला. एका पडवीसाठी देशाचं सर्वोच्च न्यायालय! मी ३१ वर्षांत किती पडव्या उपअभियंत्याच्या एका सहीवर बांधल्या असतील, हे मी सौ.ना सांगू लागलो तेव्हा त्या पुढे निघून गेल्या होत्या.

हायकोर्टापासून विधानसभेपर्यंत मधे जे पटांगण आहे ते मला पटलं नाही, हे स्पष्ट लिहितो. माझ्या पावलांनी पाचशेच्या पुढे, सावलीला झाड नाही, वर ऊन आणि खाली तापलेलं काँक्रीट. फेब्रुवारीत हे, तर मे महिन्यात काय होत असेल? मोटारींचे रस्ते खालच्या पातळीवर खोदून नेलेत, त्या खोदाईची माती टाकून टेकड्या केल्यात आणि टेकड्यांमुळे मागचं शहर दिसत नाही. खोदाई-भरावाचं गणित म्हणून फर्स्ट क्लास, वाहतुकीचा खर्च वाचला. पण माणसाने मधून चालत जायचंय याचा हिशेब कागदावरच राहिलाय. न्यायालय आणि विधानसभा समोरासमोर, मधे लोकांचा चौक, ही कल्पना मोठी. त्या दिवशी त्या चौकात आम्ही आठ जण आणि एक पोलीस.

कडेला तो उघडा हात, कॉर्बुझिएच्या कल्पनेतलं शिल्प. धातूचा, एकूण उंची २६ मीटर, वजन ५० टन, वाऱ्यावर फिरतो. कॉर्बुझिए १९६५ मध्ये गेला आणि हात उभा राहिला १९८५ मध्ये, म्हणजे वर्षानुवर्षं रखडलेलं काम, ओळखीचं प्रकरण. पत्र्याचं काम भाक्रा-नांगल धरणाच्या वर्कशॉपमध्ये झालं. देण्यासाठी उघडा, घेण्यासाठी उघडा, असा त्याचा अर्थ गाइडने सांगितला. हाताखाली जमिनीत उतरलेला खड्डा आहे, लोकांनी बसून सार्वजनिक चर्चा करावी म्हणून. मी तोंड उघडायच्या आत सौ. म्हणाल्या, "अहो, पाणी कुठं जातं हे आता विचारू नका." मी विचारलं नाही. पण जाळी शोधली.

सावल्यांचा मनोरा म्हणून एक रचना आहे, तिच्याकडे मुलं फारशी गेली नाहीत, तुम्ही जा. पटांगणातल्या बाकीच्या इमारतींच्या रेषेत ती नाही, ती नेमकी दिशा धरून बसवलीय. उत्तर बाजू सताड उघडी, बाकी तिन्हीकडे काँक्रीटच्या उभ्या-आडव्या पट्ट्या. त्या अशा कोनात की आत ऊन शिरत नाही. आम्ही ११ च्या सुमारास आत उभे होतो, बाहेर डोळे दिपत होते आणि आत चक्क गारवा. उन्हाची अडवणूक कशी करायची याचा हा नमुना-तुकडा म्हणायचा. आम्ही साइटवर आधी एक खांब सॅम्पल म्हणून ओततो, तसा.

आता काँक्रीट. याच्यासाठी जा असं मी सांगेन, आणि याबद्दल टूरमध्ये दोन वाक्यांच्या पुढे काही येत नाही, तेव्हा डोळे स्वतःचे वापरा. गिलावा नाही, रंग नाही. सेंट्रिंगच्या फळ्या काढल्यावर जे दिसलं ते तसंच ठेवलंय. भिंतीजवळ जाऊन बघितलं तर फळीचा सांधा दिसतो, लाकडाच्या रेषा दिसतात, गाठ दिसते. कुठं माल नीट बसला नाही तिथं हनीकोंब, म्हणजे पोळ्यासारखी भोकं, राहिलाय आणि तो झाकलेला नाही. मुलांपैकी एक जण त्याला "टेक्श्चर" म्हणाला. आमच्या वेळी त्याला कंत्राटदाराचं बिल अडवणं म्हणत. हे सगळं डोक्यावरून वाहून ओतलेलं काम आहे. त्या काळचे फोटो आहेत, त्यात परांचीच्या उतारावरून बायका घमेली घेऊन चढताना दिसतात. काही ठिकाणी काँक्रीटमध्ये मासा, साप, सूर्य, हात अशी चित्रं खोलगट उमटलीत, लाकडी साचे फळ्यांना ठोकून काढलेली. सौ.नी एका माशावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, हा बांगडा. मुलांनी तेही लिहून घेतलं असावं.

मापं एका उभ्या माणसावरून काढलीत, १.८३ मीटर उंचीचा, हात वर केला की २.२६. आम्हा दोघांपैकी कुणीच त्या मापात बसत नाही. पण छत डोक्यावर येतंय असं कुठं वाटलं नाही, हे कबूल करतो.

विधानसभेपाशी पोचलो आणि मी थांबलोच. दर्शनी बाजूला आठ उभ्या भिंतींवर पेललेलं लांबच लांब छत आहे, कडा वर वळलेल्या. लोक म्हणतात बैलाची शिंगं, कुणी म्हणतं होडी. अहो, ती पन्हळ आहे! कोकणात कौलाखाली पोफळीची लावतो तीच, फक्त शेकडो टनांची. पावसाचं पाणी त्या पन्हळीत गोळा होऊन टोकाकडून खालच्या तळ्यात पडावं, अशी योजना. म्हणजे ज्या माणसावर मी तीस वर्षं चिडून होतो त्याने पाणी लपवलं नव्हतं, इमारतीच्या कपाळावर मांडलं होतं. मी गाइडला पन्हळ हा शब्द शिकवला. ती "पन्नल" म्हणाली, चालेल.

खालच्या मिनाकाम (एनॅमल) केलेल्या दाराचे फोटो सगळे काढतात. कॉर्बुझिएने स्वतः रंगवलेलं, फ्रान्सची भेट, एरवी बंद असतं. अधिवेशन नव्हतं, त्यामुळे फोन बाहेर ठेवून आम्हाला आत सोडलं. आत अंधार आणि उंचच उंच खांबांचं रान. डोळे सरावले की वरून कुठून कुठून उजेड झिरपताना दिसतो. मधे सभागृह, त्याचं छप्पर म्हणजे वीज केंद्रात असतो तसा मधे बारीक होणारा मनोरा, कवच अवघं १५ सेंटिमीटर जाडीचं. असा मनोरा त्याने अहमदाबादच्या वीज केंद्रात पाहिला होता म्हणे. १५ सेंटिमीटर! त्याहून जाड स्लॅब मी शौचालयावर टाकलेत. भिंतींवर आवाज शोषायला ढगांसारखे रंगीत आकार. १९६६ मध्ये हरियाणा वेगळा झाला, तेव्हापासून एकाच छपराखाली दोन विधानसभा बसतात. पंजाबची मोठ्या सभागृहात, हरियाणाची वरिष्ठ सभागृहासाठी बांधलेल्या दालनात. भाऊबंदकीत ओटी-पडवी वाटून घेतात तसंच झालं.

सचिवालय आम्ही बाहेरूनच पाहिलं. २५४ मीटर लांब, आठ मजले, लांबी तोडायला मधे एक्सपान्शन जॉइंट, म्हणजे काँक्रीटला फुगायला ठेवलेली फट. जिन्यांबरोबर बाहेरून उतारही काढलेत, म्हणजे सकाळी १० ला कारकुनांचा लोंढा चढत जावा. दोन राज्यांची कचेरी आहे, खिडक्यांत कूलर, फायलींचे गठ्ठे, वाळत टाकलेला एक टॉवेल. मला तो टॉवेल पाहून फार बरं वाटलं.

टूर दीड तासाच्या आसपास. गाइडवर मी खूश आहे. माझ्या आवडीचा एक माणूस मात्र मला माझ्या वाचनातून पुरवून घ्यावा लागला, तो म्हणजे पिअर जानरे, कॉर्बुझिएचा चुलतभाऊ. कॉर्बुझिए करारानुसार वर्षातून दोनदा यायचा. रोजच्या रोज साइटवर हा जानरे, १९६५ पर्यंत. त्याची रक्षा सुखना तलावात सोडली गेली. त्याच्या हाताखाली बनलेल्या सागवानी-वेताच्या खुर्च्या सरकारी कचेऱ्यांत भंगार म्हणून निघाल्या आणि परदेशी लिलावांत लाखांनी विकल्या गेल्या. जडवस्तू नोंदवहीतून निर्लेखन करताना, म्हणजे वस्तू कायमची काढून टाकताना, दहादा बघावं, असं मी माझ्या कनिष्ठांना सांगायचो ते याचसाठी. आणि हायकोर्ट-सचिवालयाचं स्ट्रक्चरल काम ज्यांच्या हातून गेलं ते महेंद्र राज पंजाब पीडब्ल्यूडीतले, पुढे मुंबईत त्यांनी स्वतःचं ऑफिस काढलं. आपल्या पुण्यात जन्मलेले आणि जे.जे.त शिकलेले बाळकृष्ण दोशीही तेव्हा पॅरिसला कॉर्बुझिएकडे होते, चंदीगडच्या कामावर.

टूरला पाचातले चार गुण. एक कापला तो पटांगणाचा. जायचं तर हिवाळ्यात, सकाळी, आणि नंतर लगेच रॉक गार्डनला जाऊ नका, पाय राहत नाहीत. दुसऱ्या दिवशी जा.

पुतण्याला एक काम लावून आलोय. जुलैत एखादा जोराचा पाऊस धरून त्याने विधानसभेसमोर जायचं आणि पन्हळीच्या टोकाकडून पाणी तळ्यात पडतं की भिंतीवरून ओघळतं ते बघून मला सांगायचं. तो म्हणतो, "काका, पावसात टूरला कोण जातं?"