तवंग किनाऱ्याकडे येतोय: अडवायचा, पांगवायचा, जाळायचा की सोडून द्यायचा?

7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-3 ही जहाजं एकमेकांवर आदळली. सुमारे 800 टन तेल समुद्रात गेलं आणि मुंबई-रायगडच्या कांदळवनांत शिरलं. 25 मे 2025 रोजी केरळपुढे एमएससी एल्सा-3 बुडालं, तेव्हा त्याच्या टाक्यांत 367 टन फर्नेस ऑइल आणि 84 टन डिझेल होतं. चित्रा आणि एल्सा ही दोन्ही कंटेनर जहाजं होती, टँकर नव्हते. सांडलं किंवा सांडण्याच्या बेतात होतं ते त्यांचं स्वतःचं इंधन, आणि दोन्ही वेळा पावसाळी समुद्र होता.

तेलगळतीच्या पुस्तकांतले उपाय बहुतेक वेळा ताजं कच्चं तेल आणि बऱ्यापैकी शांत पाणी गृहीत धरतात. कोकणात निर्णय घेणाऱ्यापुढे असतं जड, चिकट जहाजी इंधन, उसळलेला समुद्र आणि पाठीमागे खाडी. म्हणून इथे पर्यायांची तुलना आपल्या पाण्यासाठी केली आहे. ती मच्छीमार सहकारी संस्था, खाडीकाठच्या ग्रामपंचायती, छोटी बंदरं आणि तालुक्याच्या आपत्ती व्यवस्थापनात काम करणाऱ्यांसाठी आहे.

आधी तेल ओळखा

डिझेल असेल तर वारा आणि लाटा एक ते तीन दिवसांत बरंचसं संपवतात. फर्नेस ऑइलचं तसं नाही. त्याचा फार तर दहावा हिस्सा उडून जातो. उरलेलं पाणी पिऊन फुगतं आणि तपकिरी, खरवसासारखं घट्ट होतं. अशा मिश्रणात 70-80 टक्के पाणी असू शकतं, म्हणजे 100 टन तेलाचा 300 ते 500 टन लगदा होतो. पंप, टाक्या आणि पिंपं त्या हिशेबाने लागतात, आणि पहिल्याच दिवशी चुकतो तो हाच हिशेब.

जाडी रंगावरून कळते. रुपेरी चकाकी असेल तर चौरस किलोमीटरमागे 40 ते 300 लिटर तेल असतं. इंद्रधनुषी रंग असेल तर 300 ते 5,000 लिटर. तेलाचा मूळ काळा किंवा तपकिरी रंग सलग दिसत असेल तर 2 लाख लिटरच्या वर. मैलभर पसरलेली चकाकी पाहून सगळे हादरतात, पण खरं संकट बहुधा तिच्या एका कडेच्या काळ्या पट्ट्यांत असतं. होड्या तिकडेच पाठवायच्या.

तवंग वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे 3 टक्क्यांनी सरकतो आणि प्रवाहाबरोबर पूर्ण वेगाने वाहतो. किनाऱ्याकडे 20 नॉट (तासाला 20 सागरी मैल) वारा असेल तर नुसत्या वाऱ्याने तेल तासाला 0.6 सागरी मैल येतं. 10 मैलांवरच्या तवंगाला सोळा-सतरा तास लागतात. भरती-ओहोटीचं वाहणं त्यात धरलं तरी तुमच्या हाती साधारण एक रात्र असते.

अडवणं: बूम आणि स्किमर

बूम म्हणजे तेल अडवणारा तरंगता अडसर, स्किमर म्हणजे पाण्यावरचं तेल उचलणारं यंत्र. तेल पाण्याबाहेर काढणारा हा एकच मार्ग, म्हणून सर्वांना हवासा. पण खुल्या समुद्रात त्याच्याकडून फार आशा ठेवू नये. 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेल-फलाटाच्या विहिरीतून 87 दिवस तेल वाहिलं. शेकडो जहाजं कामाला लागली, तरी त्या ऑगस्टमधल्या सरकारी हिशेबात स्किमरने उचललेलं तेल अवघं 3 टक्के होतं. आपल्या जून-जुलैच्या लाटांत तर बूमवरून पाणी उडतं आणि तेल सरळ पलीकडे जातं.

बूमचं खरं काम खाडीच्या तोंडाशी आहे, आणि तिथे एक आकडा पाठ हवा: 0.7 नॉट, म्हणजे सेकंदाला सुमारे 0.35 मीटर. बूमला काटकोनात येणारं पाणी याहून वेगाने आलं की तेल थेंबाथेंबाने खालून निसटतं. बूम कितीही महाग असला तरी यात फरक पडत नाही. म्हणून वाहत्या खाडीत तो आडवा लावायचाच नाही. तिरका लावून तेल एका काठाच्या निवांत पाण्याकडे वळवायचं आणि तिथे स्किमर किंवा सक्शन टँकर उभा करायचा. प्रवाह सेकंदाला 0.7 मीटर असेल तर बूम प्रवाहाशी 30 अंशांत हवा. 1 मीटर असेल तर 20 अंशांत. 200 मीटर रुंद तोंडाला पहिल्या स्थितीत 400 मीटर बूम लागतो, दुसऱ्या स्थितीत जवळजवळ 600. कागदावर 'खाडीची रुंदी 200, बूम 200' असं लिहिलेलं असेल, तर ती योजना पहिल्याच भरतीला कोसळेल.

दुसरी चूक नांगरांची. 100 मीटर बूमचा पाण्याखालचा पडदा 0.6 मीटर असेल आणि प्रवाह अर्धा नॉट असेल, तर त्यावर सुमारे दीड टनाची ओढ बसते. प्रवाह दुप्पट झाला की ओढ चौपट. एकच मोठा नांगर टाकून भागत नाही. ठरावीक अंतरावर चिखलात रुतणारे नांगर टाकावे लागतात, आणि प्रत्येक दोराला पाणी चढण्या-उतरण्याइतकी ढील ठेवावी लागते. मुंबईकडे उधाणाला पाणी 4 मीटरहून जास्त चढतं-उतरतं. भरतीला नीट बसलेलं बूमचं टोक ओहोटीला चिखलावर लोंबकळतं आणि काठाजवळ दार उघडं राहतं. काठाला लागून खालच्या नळ्यांत पाणी आणि वरच्या नळीत हवा भरलेला किनारी बूम जोडला तर तो चिखलाला चिकटून बसतो. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास) प्रवाह मंद असतो. सरावासाठी ते दिवस निवडले तर चालतील, पण बूमची लांबी उधाणावरच ठरवा.

बूम नसेल तर? 2020 मध्ये मॉरिशसच्या लोकांनी वाकाशिओ जहाजाचं तेल अडवायला उसाची पात कापडात भरून तरंगते अडसर केले. आपल्याकडे बारीक आसाच्या जुन्या जाळ्यात पेंढा किंवा नारळाची सोडणं भरता येतील. असे अडसर पातळ तेल शोषतात, पण पाणी पिऊन काही तासांत जड होतात. म्हणून ते खऱ्या बूमच्या मागे लावावेत आणि प्रत्येक भरतीनंतर बदलावेत. सुटा पेंढा मात्र पाण्यात टाकू नका. तो स्किमरचं तोंड बुजवतो, कांदळवनात जाऊन अडकतो आणि कचरा तेवढा वाढवतो.

स्किमर निवडताना जड तेलाला ब्रशचा किंवा पट्ट्याचा घ्या. काठावरून तेल ओतून घेणारा साधा स्किमर लगद्यात गुदमरतो आणि पाणीच जास्त ओढतो.

पांगवणं: डिस्पर्संट

हे रसायन तेल नाहीसं करत नाही. ते तेलाचे बारीक थेंब करून पाण्यात उतरवतं. पृष्ठभागावरचे पक्षी, श्वासाला वर येणारी कासवं आणि मागची कांदळवनं वाचतात. त्याची किंमत पाण्यातली अंडी, माशांची पिल्लं, कोळंबी आणि तळाचे शिंपले मोजतात. खोल, हलत्या पाण्यात थेंब काही तासांत विरळ होतात. उथळ पाण्यात ते तळापर्यंत दाट राहतात. म्हणून ब्रिटनमध्ये 20 मीटरपेक्षा कमी खोलीत फवारणीला वेगळी परवानगी लागते. आपल्याकडे तटरक्षक दलाच्या मंजुरीशिवाय फवारणी करायचीच नाही. कोणी ठेकेदार 'किनाऱ्यावर औषध मारून देतो' म्हणाला तर त्याला थांबवा.

प्रमाण सहसा 20 भाग तेलाला 1 भाग रसायन. 0.1 मिलिमीटर जाडीच्या तवंगावर ते हेक्टरी 50 लिटर होतं. जड तेल पाणी पिऊन घट्ट झालं की रसायन आत शिरत नाही, त्यामुळे संधी थोड्या तासांची असते. चाचणी साधी आहे. झाकणाच्या बाटलीत समुद्राचं पाणी घ्या, गळालेल्या तेलाचे काही थेंब टाका, त्यावर रसायन टाका, हलवा आणि थोडं थांबा. पाण्यात कॉफीच्या रंगाचा ढग पसरला तर उपयोग होतोय. पाणी दुधाळ झालं आणि तेल वर काळंच राहिलं, तर रसायन नुसतं वाहून जातंय. विमानातून फवारतानाही हेच पाहायचं: मागे तपकिरी ढग दिसला तर चालू ठेवा, पांढरा दिसला तर थांबवा.

बदलत्या समुद्राचा प्रश्न इथे येतो. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये पश्चिम किनाऱ्याच्या उथळ पट्ट्यात तळाजवळ प्राणवायू आधीच कमी असतो. पाण्यात उतरवलेलं तेल खाणारे जिवाणू तोच प्राणवायू वापरतात. तापणाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. त्यामुळे या महिन्यांत किनाऱ्यालगत फवारणीचा सौदा आम्हाला तोट्याचा वाटतो. मे महिन्यात खोल पाण्यात, कासवांची पिल्लं आणि पक्षी वाटेत असताना, ताज्या तेलासाठी तोच सौदा फायद्याचा ठरू शकतो.

जाळणं

आपल्याकडे हे जवळजवळ बादच. आग धरायला ताज्या तेलाचा थर 2-3 मिलिमीटर हवा, पाणी मिसळलेलं तेल पेटत नाही, आणि वारा साधारण 20 नॉटच्या आत लागतो. आग झेलणारे खास बूमही हवेत. मेक्सिकोच्या आखातात 411 वेळा तेल जाळलं गेलं, पण तिथे किनारा दूर होता. मुंबईलगत धुराखाली वस्ती येते आणि जड इंधन मुळातच नीट पेटत नाही.

सोडून देणं

हा पर्याय ऐकायला निष्काळजीपणाचा वाटतो, पण तसा तो नाही. जानेवारी 1993 मध्ये स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर ब्रेअर टँकर फुटून सुमारे 85,000 टन हलकं कच्चं तेल सांडलं. वादळी लाटांनी ते मिसळून टाकलं आणि किनाऱ्यावर फार थोडं आलं. तरी मासेमारीवर बंदी आलीच. डिझेल, दूरवरची चकाकी, किनाऱ्यापासून बाहेर जाणारा तवंग, यांच्यावर फक्त नजर ठेवणं बरोबर असतं. किनाऱ्याकडे येणाऱ्या फर्नेस ऑइलबाबत मात्र तो विचारही करू नका.

तेल काठाला लागलं तर

वाळूवर सफाई करावी, पण फावड्याने, वरचा थर तेवढाच. जेसीबी तेल खाली दाबतो आणि पुळण घेऊन जातो. आंजर्ले-वेळासला कासवांचा हंगाम असेल तर घरट्यांच्या जागा आधी खुणावून घ्या.

खडकांवर उतावीळ होऊ नका. 1967 मध्ये टोरी कॅन्यन टँकर फुटला त्या वेळी इंग्लंडच्या खडकांवर सुमारे 10,000 टन डिटर्जंट मारलं. फवारलेले खडक न फवारलेल्यांपेक्षा कितीतरी उशिरा सावरले. 1989 मध्ये एक्सॉन व्हॅल्डीझ टँकरच्या गळतीनंतर अलास्कात गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तेलातून वाचलेले जीवही मेले.

कांदळवनाबाबत सर्वांत जास्त चुका होतात. तिवराच्या बुडाशी चिखलातून पेन्सिलीएवढी मुळं वर आलेली असतात. त्यांच्या सालीवरच्या बारीक छिद्रांतून झाड श्वास घेतं. तेलाचा पातळ लेप बसला तरी छिद्रं बुजतात. झाड लगेच मरत नाही, महिन्यांनी पानं गळायला लागतात. लोक कळवळून बादल्या घेऊन आत शिरतात, आणि तिथेच घात होतो. प्रत्येक पावलाबरोबर वरचं तेल चिखलात घोट्याएवढं खाली जातं, जिथे प्राणवायू नाही. तिथे ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. कुर्ल्यांची बिळं आहेतच ते आणखी खाली न्यायला. 1978 मध्ये अमोको कॅडीझ टँकरच्या गळतीनंतर फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या खारपाणथळीचा तेलकट थर खरवडून काढला होता. जिथे हात लावला नाही त्या भागांपेक्षा तो भाग उशिरा भरून आला.

मग करायचं काय? होडीतून, फक्त कडेच्या झाडांवर, ओहोटी लागल्यावर समुद्राचंच पाणी कमी दाबाने सोडायचं आणि सुटलेलं तेल बाहेर बूममध्ये पकडायचं. फांद्या तोडायच्या नाहीत, साबण वापरायचा नाही, आत चालायचं नाही. आत जाणं अटळच असेल तर फळ्या टाकून, एकाच वाटेने. टेरी या संशोधन संस्थेच्या ऑइलझॅपरसारखे तेल खाणारे जिवाणू गोळा केलेल्या तेलकट मातीवर, हवा खेळत असताना काम करतात. चिखलाच्या पोटात त्यांनाही प्राणवायू मिळत नाही.

म्हणून निवड कशी

बंदराबाहेर जहाज आदळलं, जड इंधन, पावसाळा: रात्रीतच खाड्यांच्या तोंडाशी तिरके बूम लावा. कांदळवन आणि तिसऱ्या-कालवांच्या जागा आधी, पर्यटकांची पुळण नंतर. पुळण साफ होते, कांदळवन होत नाही. सगळ्या खाड्यांना बूम पुरणार नसेल तर अरुंद तोंडाची, दाट वनाची खाडी निवडा. रुंद तोंडावर अर्धा बूम लावून काहीच वाचत नाही.

खोल पाण्यातल्या प्लॅटफॉर्मची गळती, ताजं तेल, शांत समुद्र: डिस्पर्संटचा प्रश्न पहिल्या काही तासांत तटरक्षक दलापुढे मांडा. डिझेल असेल तर पाळत ठेवा आणि जाळी पाण्याबाहेर काढा.

तवंग दिसताच 1554 वर तटरक्षक दलाला कळवा. वेळ, जागा, लांबी-रुंदी, रंग, वारा आणि भरती की ओहोटी एवढं सांगा.

कचऱ्याची जागा पहिल्याच दिवशी ठरवा. तो सांडलेल्या तेलाच्या 10 पट किंवा त्याहूनही जास्त होतो. पिशव्या दुहेरी, हाताने उचलतील इतक्याच भरलेल्या, सावलीत आणि ताडपत्रीच्या खड्ड्यात ठेवा. उन्हात प्लास्टिक फाटून तेल पुन्हा वाळूत येतं. पुढची विल्हेवाट प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीनेच.

भरपाईसाठी रोजची वही ठेवा: किती माणसं, किती तास, किती पिशव्या, कोणती जाळी खराब झाली, फोटो तारखेसह. तेलाचा नमुना काचेच्या स्वच्छ बाटलीत, चिठ्ठी लावून, थंड आणि अंधारात ठेवा. आंतरराष्ट्रीय तेल प्रदूषण निधी टँकरच्या तेलासाठी आहे. मालवाहू जहाजाच्या इंधनाचा दावा जहाजमालकाच्या विमा कंपनीकडे जातो, आणि हे तेल त्याच जहाजाचं आहे हे दाखवायला ती बाटली लागते.