छापखान्यातली चूक की नंतरची छेडछाड? एरर नोट घेण्यापूर्वीचा तुलनात्मक आढावा

एरर नोट, म्हणजे छापखान्यातच चुकीची तयार झालेली नोट, म्हणून समोर आलेली नोट संग्रहासाठी घ्यावी की नाही, हे ठरवताना तिच्यावर काय चुकले आहे यापेक्षा ते कोणत्या टप्प्यावर चुकले असेल, हा प्रश्न आधी विचारावा. कागद तयार होतानाच त्यात जलचिन्ह आणि सुरक्षा धागा येतो. मग ऑफसेटने, म्हणजे सपाट छपाईने, पार्श्वभूमीचे रंग, त्यानंतर इंटाग्लिओची, म्हणजे कोरलेल्या प्लेटने जोरात दाबून केलेली, उठावदार छपाई, मग लेटरप्रेसने, म्हणजे उठावाचे आकडे दाबून, अनुक्रमांक आणि शिक्के, आणि शेवटी कटाई, असा कागदी नोटांचा सर्वसाधारण क्रम असतो. खरा दोष या क्रमात कुठेतरी घडतो आणि त्याच्या पुढची प्रत्येक क्रिया त्या दोषासकट पार पडते. छेडछाड केलेल्या नोटेत मात्र सगळे टप्पे यथास्थित पार पडलेले असतात आणि बदल त्यांच्यानंतर केलेला असतो. माझ्या मते या दोहोंतला मूळ फरक एवढाच आहे, आणि पुढच्या सगळ्या कसोट्या त्यातूनच निघतात.

अमेरिकेच्या १९९६ च्या मालिकेतील वीस डॉलरची ‘डेल मॉन्टे’ नोट संग्राहकांत प्रसिद्ध आहे. तिच्या दर्शनी बाजूवर फळांवर असतो तसा एक स्टिकर चिकटलेला आहे. स्टिकर कोणीही कोणत्याही नोटेवर लावू शकतो, त्यामुळे नुसत्या स्टिकरला काहीच अर्थ नाही. परंतु या नोटेवर ट्रेझरीचा (अमेरिकेच्या अर्थखात्याचा) शिक्का आणि अनुक्रमांक यांचा काही भाग स्टिकरच्या वर छापला गेला आहे. म्हणजेच मागची आणि पुढची मुख्य छपाई झाल्यानंतर, पण शिक्का आणि क्रमांक उमटण्यापूर्वी तो स्टिकर कागदावर आला. नंतर चिकटवलेल्या स्टिकरखाली शिक्का आणि क्रमांक पूर्ण सापडले असते. दोन नोटांमधला फरक फक्त कोणता थर वर आहे आणि कोणता खाली, एवढाच. निर्णय मात्र त्यावरच होतो.

सर्वाधिक फसवणूक ‘गायब छपाई’च्या नोटांत होते, कारण खोडणे हे छापण्यापेक्षा सोपे असते. अनुक्रमांक नसलेली नोट घ्या. दोन शीट, म्हणजे अनेक नोटा एकत्र छापण्याचे मोठे कागद, एकमेकांना चिकटून यंत्रातून गेली, तर खालच्या शीटवर क्रमांक उमटतच नाही. अशा नोटेत त्या जागी कागद सपाट असतो, तंतू शाबूत असतात आणि मागच्या बाजूला दाबाची खूण नसते. रसायनाने किंवा खरवडून क्रमांक काढलेल्या नोटेत शाई गेली तरी लेटरप्रेसच्या दाबाने पडलेला ठसा बहुधा राहतो. नोट जवळजवळ आडवी धरून एका बाजूने टॉर्चचा प्रकाश टाकला, की मागच्या बाजूला आकड्यांचे पुसट उंचवटे दिसू लागतात. खरवडलेल्या जागी भिंगाखाली तंतू उभे राहिलेले दिसतात, आणि प्रकाशाकडे धरल्यास तेवढाच भाग पातळ भासतो. न वापरलेल्या नोटेच्या कागदात चमक आणणारी द्रव्ये नसल्यामुळे तो अतिनील दिव्याखाली मंद दिसतो. रसायन लागलेला भाग अनेकदा डागासारखा वेगळा उठून दिसतो. संपूर्ण नोटच निळसर चमकत असेल, तर ती कपड्यांबरोबर धुतली गेली असण्याची शक्यता मोठी. ती एररही नव्हे आणि मुद्दाम बनवलेलीही नव्हे, फक्त खराब झालेली नोट आहे.

इंटाग्लिओच्या बाबतीत मात्र घाई करू नये, कारण तिथे ठशाचा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. प्लेटला शाई कमी मिळाली किंवा मिळालीच नाही, तरी दाब पूर्ण पडतो आणि कागदावर बिनशाईचा उठाव राहतो. ही खरी एरर असते. म्हणून उठाव आहे पण शाई नाही, एवढ्यावरून नोट खोडलेली ठरवणे चुकीचे आहे. येथे निकाल कागदाचा पृष्ठभाग आणि शाईची कड यांवरून द्यावा. शाई कमी पडल्याने आलेला दोष बहुधा हळूहळू फिका होत जातो आणि त्याखालचे ऑफसेटचे नाजूक रंग जसेच्या तसे असतात. खोडणाऱ्याला मात्र वरची शाई काढताना खालचा रंग वाचवणे फार अवघड जाते. ज्या नोटेत इंटाग्लिओबरोबर त्याच जागेपुरती पार्श्वभूमीही फिकट झाली आहे, तिच्यापासून मी दूर राहीन.

अनुक्रमांकातील विसंगतीच्या नोटा, म्हणजे नोटेवर दोनदा छापलेल्या क्रमांकांपैकी एकात एक आकडा आणि दुसऱ्यात वेगळा, या क्रमांक छापणाऱ्या यंत्रातील आकड्यांची चाके अडकल्यामुळे तयार होतात. चाक अर्ध्यावर थांबले, तर एका आकड्याचा खालचा भाग आणि दुसऱ्याचा वरचा भाग एकाच जागी उमटतो, आणि असा दोष हाताने रेखणे कठीण असते. याउलट तीनचा आठ किंवा एकचा चार करणे हे बदल करणाऱ्याला सोयीचे असते, त्यामुळे अशा जोड्या दिसल्या की भिंग जास्त वेळ तिथेच ठेवावे. लेटरप्रेसच्या आकड्याच्या कडेला दाबाने सरकलेल्या शाईची गडद रेघ असते. इंकजेटचा आकडा सूक्ष्म ठिपक्यांचा बनलेला असतो, तर लेसर प्रिंटरची भुकटी कागदावर थरासारखी बसते आणि आजूबाजूला तिचे कण विखुरलेले आढळतात.

घडीच्या एरर मला सगळ्यांत विश्वासार्ह वाटतात, कारण त्यांना भूमितीची साक्ष मिळते. छपाईआधी शीटचा कोपरा दुमडला गेला, तर दुमडलेल्या भागाने झाकलेली जागा कोरी राहते आणि तिथली छपाई दुमडलेल्या पाठीवर उमटते. घडी उलगडल्यावर पुढे कोरी पाचर आणि मागे चित्राचा तुकडा दिसतो. आता कसोटी अशी, की नोट त्याच जुन्या घडीवर अलगद पुन्हा दुमडावी. दोन्ही तुकडे रेषेला रेष जुळून चित्र अखंड झाले पाहिजे. कोरा भाग असेल, पण हरवलेली छपाई मागे कुठेच नसेल, तर ती गेली कुठे याचे उत्तर विक्रेत्याने द्यायला हवे. दोष कटाईआधीचा असेल, तर दुमडलेला कोपरा कापणीतून वाचतो आणि उलगडल्यावर नोटेच्या चौकटीबाहेर जादा कागद येतो, ज्याला संग्राहक बटरफ्लाय म्हणतात. हा जादा कागद मूळ नोटेशी सलग असतो. चिकटवलेल्या तुकड्याची सांध प्रकाशात आणि भिंगाखाली लपत नाही.

कटाईच्या एररमध्ये शेजारच्या नोटेचा काही भाग दिसतो, आणि येथे फसवणुकीचे साधन म्हणजे न कापलेली शीट. काही देशांत अशा शीट संग्राहकांसाठी अधिकृतपणे विकल्या जातात. त्यांतून हवी तशी तिरकी नोट कातरून काढता येते. कागद, शाई, क्रमांक सगळे अस्सल असल्यामुळे भिंगाचा येथे फारसा उपयोग नाही. अशा शीटसाठी बहुधा ठरावीक क्रमांकपट्टा राखून ठेवलेला असतो, म्हणून आधी क्रमांक तपासावा. त्यानंतर कडा पाहाव्यात. छापखान्याचे पाते गठ्ठ्यावर एका दमात चालते, त्यामुळे कड सरळ येते. कात्रीच्या कडेत बारीक पायऱ्या दिसू शकतात. शीटवरच्या शेजारच्या नोटांचे क्रमांकही लागोपाठ नसतात, तर ठरलेल्या अंतराने असतात, कारण गठ्ठा कापल्यावर एकाखाली एक येणाऱ्या नोटा क्रमाने लागाव्या लागतात. कडेला शेजारणीचा अर्धा क्रमांक दिसत असेल, तर हे अंतर जुळते का, ते पाहता येते. एवढे करूनही शंका उरली, तर या प्रकारातली नोट सोडून द्यावी.

मागच्या बाजूला पुढच्या चित्राचा ठसा असलेल्या नोटांत तो ठसा आरशातल्यासारखा उलटा असलाच पाहिजे. शीट न येता यंत्राच्या दाबरुळावर शाई लागते आणि पुढच्या शीटच्या पाठीवर ती उतरते. म्हणूनच पहिल्या शीटवर ठसा गडद आणि नंतरच्या शीटवर फिका होत जातो. सरळ वाचता येणारा ठसा या मार्गाने येऊच शकत नाही.

एका बाजूला एक किंमत आणि दुसऱ्या बाजूला वेगळी किंमत, किंवा पाठ उलटी छापलेली, अशा नोटा दुर्मीळ असल्यामुळे त्या दोन नोटा सोलून आणि चिकटवूनही बनवल्या जातात. त्यांची जाडी, कडेची सांध आणि प्रकाशाकडे धरल्यावर दिसणारे जलचिन्ह एकमेकांशी जुळत नाहीत. गायब सुरक्षा धाग्याचेही तसेच आहे. धागा ओढून काढला असेल, तर कागदात त्याचा पोकळ मार्ग उरतो. कागद बनतानाच धागा आला नसेल, तर असा मार्ग नसतो. पॉलिमर (प्लास्टिकच्या) नोटांवरील शाई सॉल्व्हेंटने निघू शकते आणि होलोग्रामची पट्टी सोलता येते, म्हणून त्यांतल्या ‘गायब’ दोषांकडे मी कागदी नोटांपेक्षा अधिक संशयाने पाहतो. रंग बदललेल्या शिक्क्यांबद्दल तर फार विचार करू नये: ऊन, आम्ल आणि क्षार यांनी हिरव्याचा निळा किंवा पिवळा होऊ शकतो, आणि निव्वळ रंगाच्या फरकावर पैसे घालवण्याजोगी नोट क्वचितच असते.

पीएमजी किंवा पीसीजीएस बँकनोट यांसारख्या नोटा तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या सीलबंद होल्डरमधील नोट घ्यायची की मोकळी, हा प्रश्न शेवटी येतोच. नवख्याने महागडी एरर होल्डरमध्येच घ्यावी, मात्र होल्डरवरील प्रमाणपत्र क्रमांक संस्थेच्या नोंदीत शोधून तिथले छायाचित्र हातातल्या नोटेशी ताडून पाहावे, कारण होल्डरचीही नक्कल होते. मोकळी नोट घेणाऱ्याने दोन्ही बाजूंची छायाचित्रे तीन प्रकारच्या उजेडात मागवावीत: समोरून, एका बाजूने आडव्या प्रकाशात आणि मागून पडणाऱ्या प्रकाशात. शक्य असल्यास चौथे, अतिनील दिव्याखालचे. विक्रेता फक्त समोरचे छायाचित्र देण्यावर अडून राहिला, तर व्यवहार तिथेच थांबवावा.