बीसी१२५एटी स्कॅनर गाडीत सात महिने वापरला, प्रोग्रॅमिंग कसं केलं आणि काय चुकलं

मार्चमध्ये युनिडेनचा बीसी१२५एटी स्कॅनर घेतला, म्हणजे एकामागून एक फ्रिक्वेन्सी तपासत जाणारा आणि कुठे आवाज आला की तिथे थांबणारा रेडिओ. सात महिने झाले, त्यात शिकागोजवळच्या नेपरव्हिल ते डेन्व्हर गाडीने दोनदा जाऊन आलो. आधीच सांगतो, हायवेवर पोलीस ऐकायला म्हणून घेणार असाल तर हा सेट घेऊ नका, हा फक्त अॅनालॉग आहे आणि इलिनॉय काय, आयोवा काय, स्टेटचे पोलीस केव्हाच डिजिटलवर गेलेत, आणि कितीतरी ठिकाणी एन्क्रिप्शन आहे, म्हणजे बोलणं सांकेतिक करून पाठवतात, तिथे महागडा डिजिटल सेट घेऊनही काही ऐकू येत नाही. मला रस्त्यात खरा उपयोग झाला तो हवामान, ट्रकवाल्यांचा सीबी (ते आपसात बोलायला वापरतात तो रेडिओ) आणि रेल्वे एवढ्याचाच, आणि तेवढ्यासाठी मला हा सेट मनापासून आवडलाय.

५०० चॅनेल आहेत, ५० चा एक गट असे १० गट, त्यांना बँक म्हणतात. पहिल्या आठवड्यात मी नेटवरून दिसेल ती फ्रिक्वेन्सी भरत सुटलो, तीनशेच्या वर भरल्या, आणि हवामानाच्या सातही (१६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ) बँक १ मध्ये टाकल्या. सेट सुरू केला की हवामानावर जाऊन थांबायचा आणि पुढे सरकायचाच नाही, मला वाटलं पीस खराब आलाय, परत करायला बॉक्सपण काढून ठेवला होता. नंतर लक्षात आलं की हवामानाचं प्रसारण चोवीस तास अखंड चालू असतं, मग स्कॅनर तिथून हलणार कसा? विमानतळाच्या एटीसचं, म्हणजे वैमानिकांसाठी सतत वाजणाऱ्या रेकॉर्ड केलेल्या माहितीचं पण तेच. त्या फ्रिक्वेन्सी स्कॅनमध्ये टाकायच्याच नाहीत, हवामानाचा वेगळा मोड आहे तो वापरायचा.

मग सगळं पुसलं आणि रस्त्याप्रमाणे भरलं. बँक १ मध्ये सीबीचा चॅनेल १९, म्हणजे २७.१८५, आणि इमर्जन्सीचा ९, म्हणजे २७.०६५. बँक २ घराजवळची बीएनएसएफ रेल्वे, बँक ३ नेब्रास्कातली युनियन पॅसिफिक रेल्वे, बँक ४ विमानं. नंबरचं बटण दाबलं की ती बँक चालू-बंद होते, त्यामुळे ओमाहा ओलांडलं की २ बंद, ३ चालू, झालं काम. प्रत्येक चॅनेलला नाव द्या, नुसता १६० पॉइंट काहीतरी आकडा बघून गाडीत काही कळत नाही. कीपॅडवरून नाव टाइप करणं फार वेळखाऊ आहे, कॉम्प्युटरला जोडून घरीच करा. आणि हे सगळं शेजारी बसलेल्याने हाताळायचं, आमच्याकडे ते खातं बायकोकडे आहे, मी चालवताना हात लावत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जूनमध्ये डेन्व्हरकडे जाताना नेब्रास्कातलं कर्नी शहर सोडून वीसेक मिनिटं झाली असतील, समोर आभाळ काळंकुट्ट, आणि हवामानाच्या रेडिओवर तो लांबलचक टोन वाजला. वादळाचा इशारा, गारा, कर्नी काउंटी (काउंटी म्हणजे इथला जिल्हा). आम्ही घाबरून पुढच्या एक्झिटला उतरलो, मुलगी मागे रडायला लागली, पेट्रोल पंपावर जाऊन उभे राहिलो. तिथल्या काउंटरवरच्या काकूंनी सांगितलं की कर्नी शहर बफेलो काउंटीत येतं, कर्नी काउंटी वेगळीच, प्लॅट नदीच्या दक्षिणेला, म्हणजे आमच्या मागे राहिलेली! रेडिओवर शहरांपेक्षा काउंटीची नावं येतात आणि आपण कुठल्या काउंटीत आहोत हे आपल्याला माहीतच नसतं. तेव्हापासून मी रस्त्यातल्या काउंट्यांची ओळीने यादी करून डॅशबोर्डला चिकटवतो, सेवर्ड, यॉर्क, हॅमिल्टन, हॉल, बफेलो, डॉसन, लिंकन, कीथ. फ्रिक्वेन्सी भरण्याइतकंच हे पण प्रोग्रॅमिंगच समजा.

सीबीचं म्हणाल तर सोबतच्या रबरी अँटेनावर मैलभराच्या आतलेच ट्रक ऐकू येतात, पण आयोवात वॉलकॉटच्या मोठ्या ट्रक स्टॉपजवळ छान गप्पा चालू असतात. कोणी 'ब्रेक चेक' म्हणालं की समजायचं पुढे गाड्या थांबल्यात, दोनदा तरी त्यामुळे वेळेत वेग कमी केला. छतावर मॅग्नेटची अँटेना लावल्यावर रेल्वेचं रिसेप्शन खूप सुधारलं. रुळाकाठचे डिटेक्टर (गाडीत बिघाड आहे का ते तपासणारी यंत्रं) गाडी गेली की मशीनच्या आवाजात माईलपोस्ट आणि 'नो डिफेक्ट्स' बोलतात, मुलीला आता ते पाठ झालंय, आवाज आला की ती खिडकीतून मालगाडी शोधते.

दोन गोष्टी जपा. सेल टाकायच्या जागेत एक छोटा स्विच आहे, साधे अल्कलाइन सेल टाकले तर तो त्या बाजूला करा, नाहीतर यूएसबी लावल्यावर सेट ते चार्ज करायला जाईल. आणि स्वस्तातला कार चार्जर घेऊ नका, माझ्या पहिल्या चार्जरने एवढी खरखर आणली की हवामान ऐकूच येईना, काढला की एकदम स्वच्छ.

कायद्याचं पण बघून घ्या. इंडियाना, केंटकी, मिनेसोटा, न्यूयॉर्क, फ्लोरिडा इथे पोलिसांच्या फ्रिक्वेन्सी पकडणारा रेडिओ गाडीत ठेवण्यावर बंधनं आहेत, तुम्ही ऐका नाहीतर नका ऐकू. थँक्सगिव्हिंगला आम्ही नॅशव्हिलला जाणार, वाटेत इंडियाना आणि केंटकी दोन्ही. हॅम, म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स असलेल्यांना तिथे सूट आहे म्हणून त्यातल्या पहिल्या पायरीच्या, टेक्निशियनच्या परीक्षेचा अभ्यास सुरू केलाय, ३५ पैकी २६ प्रश्न बरोबर यावे लागतात. तोवर पास झालो नाही तर स्कॅनर घरी राहील, नुसता हवामानाचा छोटा रेडिओ आणि काउंट्यांची नवी यादी घेऊन निघू.