हिमालयन ४११ की ४५०: घरच्या घरी देखभाल करणाऱ्यांसाठी

२०१६ साली आलेल्या रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ या मोटरसायकलचं इंजिन साधं आहे: हवा आणि ऑइलवर थंड होणारं, एकच कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), दोन व्हॉल्व्ह. टॅपेट सेट करायचे, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी असलेली बारीक फट (गॅप) जुळवायची तर इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचं, कव्हर काढायचं, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवायचा, नट सैल करून स्क्रू फिरवायचा. गेज किंचित अडकत सरकला की गॅप बरोबर. नट आवळल्यावर मात्र पुन्हा तपासाच, तो आवळताना स्क्रूही फिरतो. सवय झाली की हे काम अंगणात निवांत उरकतं.

२०२३ मध्ये आलेली ४५० गाडी म्हणून सरसच. ४११ची ताकद २४ बीएचपीच्या आसपास, हिची जवळपास ४०, त्यामुळे घाटात मागे माणूस आणि सामान असलं तरी दम लागत नाही. पण रेडिएटर, कूलंट, दोन कॅमशाफ्ट, चार व्हॉल्व्ह! गॅप बिघडला तर मोजून नेमक्या जाडीची शिम (पातळ धातूची चकती) बसवावी लागते. ऑइल, चेन, ब्रेक पॅड दोन्हींवर घरी होतात.

हायवेच जास्त असेल तर ४५० घ्या. पाना स्वतःच्या हातात हवा असेल, तर नीट सांभाळलेली सेकंडहँड ४११ शोधा. मी तीच घेईन.