मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी सत इसबगोल: घरच्या वापरानंतरचा अभिप्राय

आमच्या घरात मूत्रपिंडाचे दोन रुग्ण आहेत. आईचा आजार मधुमेहातून आलेला आणि तिसऱ्या टप्प्यावरचा असून तिच्या पाण्यावर डॉक्टरांनी अजून बंधन घातलेले नाही. मामांचे डायलिसिस आठवड्यातून तीन वेळा होते आणि त्यांना दिवसाचे पाणी मोजून दिले जाते. पोट साफ न होण्याची तक्रार मात्र दोघांचीही आहे, आणि दोघांसाठी घरात आला तो एकच पुडा, साध्या, बिनचवीच्या सत इसबगोलाचा. आईला तो मानवला, मामांना मानवला नाही. याचे कारण पुड्यात नसून त्यासोबत घ्याव्या लागणाऱ्या पाण्यात आहे, हे समजायला आम्हाला थोडा वेळ लागला.

मूत्रपिंडाच्या रुग्णाला बद्धकोष्ठ का होतो, हे आधी पाहिले पाहिजे, कारण दुकानदार किंवा शेजारी जो सल्ला देतात तो निरोगी माणसाच्या पोटासाठी असतो. रक्तातले पोटॅशियम वाढू नये म्हणून या रुग्णांची फळे, पालेभाज्या, डाळी, शहाळे हे सगळे कमी केले जाते आणि त्यांच्याबरोबर तंतुमय पदार्थही ताटातून निघून जातात. पुढे फॉस्फरस बांधून ठेवणाऱ्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, पोटॅशियम उतरवणारी पावडर अशी औषधे सुरू होतात आणि त्यांतली बहुतेक मल घट्ट करणारी असतात. त्यात पाणी कमी, हालचाल कमी. शिवाय पोट साफ न होणे ही या आजारात केवळ गैरसोय राहत नाही. निरोगी माणसाच्या शरीरातले पोटॅशियम मुख्यतः लघवीवाटे जाते आणि साधारण दहावा हिस्सा शौचावाटे. मूत्रपिंड थकले की आतडे हा वाटा वाढवून काही प्रमाणात भरपाई करते. त्यामुळे बद्धकोष्ठ राहिला तर ही पर्यायी वाटही तुंबते. पोटात बसवलेल्या नळीतून द्रव आत सोडून आणि बाहेर काढून केले जाणारे, म्हणजे पोटातले डायलिसिस करणाऱ्यांच्या बाबतीत तर भरलेल्या आतड्यामुळे नळी जागची सरकते आणि द्रव नीट बाहेर येत नाही, असेही घडते.

आता वस्तूबद्दल. सत इसबगोल म्हणजे इसबगोलाच्या बारीक बियांवरची पापुद्र्यासारखी साल, म्हणजेच भुशी. पीक रब्बीचे, गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशात होणारे. त्याची सर्वांत नावाजलेली बाजारपेठ मेहसाणा जिल्ह्यातल्या उंझ्याची. काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला तर हे पीक हातचे जाते, कारण पाणी लागताच दाण्यावरची साल फुगते आणि दाणा गळून पडतो. शेतकऱ्याला बुडवणारा हाच गुण आपल्या पोटात उपयोगी पडतो. चमचाभर भुशी पेलाभर पाण्यात टाकून ढवळली की पहिल्या अर्ध्या मिनिटात ती फक्त तरंगणाऱ्या कोंड्यासारखी दिसते. दोन-तीन मिनिटांत पेल्याच्या कडेला बुळबुळीत थर धरू लागतो आणि आणखी थोडे थांबले तर चमचा उभा राहील इतका घट्ट लगदा होतो. म्हणून ती ढवळल्याबरोबर प्यायची असते. हीच क्रिया आतड्यात झाली की मल मऊ राहतो आणि त्याला आकारमान येते. भुशी आतड्यातल्या जिवाणूंकडून फारशी आंबवली जात नसल्यामुळे इतर काही तंतूंच्या मानाने वायूचा त्रास कमी होतो, हा आणखी एक फायदा.

मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी या वस्तूचा सर्वांत मोठा गुण असा की तिच्यातून तंतू मिळतात, पण चमच्या-दोन चमच्यांत पोटॅशियम आणि फॉस्फरस नगण्य येते. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण 25 ते 30 ग्रॅम तंतू हवेत असे मानले जाते. पोटॅशियम सांभाळून तेवढे गाठणे अवघड जाते. आईच्या आहारतज्ज्ञांनी ज्वारीची भाकरी चालू ठेवली, दुधी, पडवळ, दोडका, कोबी अशा भाज्या चिरून, भरपूर पाण्यात उकळून आणि ते पाणी ओतून करायला सांगितल्या, फळांत सफरचंद आणि पपईची फोड ठेवली, आणि उरलेली तूट भरायला रात्री जेवणानंतर एक चमचा इसबगोल दिले. सपाट चमचा भुशी म्हणजे जेमतेम दोन-तीन ग्रॅम, त्यामुळे ती भाकरी-भाजीची जागा घेऊ शकत नाही, हेही त्यांनी तेव्हाच बजावले. परिणाम जुलाबाच्या औषधासारखा एका रात्रीत दिसत नाही. दोन-तीन दिवस धीर धरावा लागतो. आईला परिणाम मिळाला, पोटात मुरडा न येता मिळाला आणि पुढेही टिकला. चव अशी काही नाहीच, पण घशातून उतरतानाचा चिकटपणा तिला आजही आवडत नाही.

मामांची गोष्ट निराळी. लघवी फारच कमी होत असलेल्या डायलिसिसच्या रुग्णाला दिवसभरात जितकी लघवी होते त्यावर साधारण अर्धा लिटर, एवढेच पाणी देण्याची पद्धत आहे आणि त्यात चहा, ताक, आमटी, गोळ्यांबरोबरचे घोट हे सगळे आले. इसबगोलाला मात्र एका चमच्यामागे किमान एक पेला, म्हणजे 200 ते 250 मिलिलिटर पाणी लागते. पहिल्या दिवशी पेला हातात घेऊन मामा म्हणाले, “अरे, हा एवढा पेला प्यायलो तर माझा सकाळचा चहा आणि दुपारचं ताक, दोन्ही गेलं की!” हिशेब अगदी बरोबर होता. मग त्यांनी अर्ध्या पेल्यातच भुशी कालवून घ्यायला सुरुवात केली, आणि ती चूक धोक्याची असते: कमी पाण्यात भुशी अन्ननलिकेतच फुगून अडकू शकते, आणि तिथून खाली उतरली तरी आतड्यात घट्ट होऊन बद्धकोष्ठ वाढवू शकते. मामांच्या बाबतीत हे दुसरे झाले. डायलिसिसच्या डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी इसबगोल बंद करून लॅक्ट्युलोजचे, मल मऊ करणारे पातळ औषध दिले, ज्याला वेगळ्या पेलाभर पाण्याची गरज लागत नाही. ज्यांचे पाणी मोजून आहे त्यांनी इसबगोल स्वतःच्या मनाने सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांनी तर त्याच्या वाटेला जाऊच नये.

आपल्याकडे इसबगोल दुधातून किंवा दह्यातून घेण्याची जुनी सवय आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी ती सोयीची नाही, कारण पेलाभर दुधातून सुमारे 190 मिलिग्रॅम फॉस्फरस आणि त्याहून जास्त पोटॅशियम पोटात जाते, म्हणजे भुशीचा जो मुख्य गुण तोच हातचा जातो. साधे कोमट पाणी उत्तम.

बाजारात संत्र्याच्या चवीची, पाण्यात टाकताच फसफसणारी इसबगोलाची पाकिटेही मिळतात. एकदा औषधाच्या दुकानात साधा पुडा नव्हता म्हणून ते पाकीट हातात ठेवले गेले, आणि घटकांची यादी वाचल्यावर मी ते तसेच परत केले. फसफसण्यासाठी त्यात खाण्याचा सोडा घातलेला असतो, म्हणजे सोडियम आले; काहींत साखरही बरीच असते. मिठावर बंधन असलेल्या मधुमेही रुग्णाला चवीसाठी एवढी किंमत मोजण्याचे कारण नाही. पोट साफ करणाऱ्या तयार चूर्णांत सोनामुखी, पादेलोण, कधी ज्येष्ठमध असते. त्यांतल्या ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढू शकतो. मॅग्नेशियम असलेली पांढरी पातळ औषधे आणि फॉस्फेटचा एनिमा हे तर या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत, कारण शरीरात साठलेले मॅग्नेशियम किंवा फॉस्फेट बाहेर टाकण्याची ताकद थकलेल्या मूत्रपिंडात नसते. या सगळ्यांच्या तुलनेत साधी भुशी कितीतरी निरुपद्रवी.

इसबगोलाने क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड किती काम करते हे ज्यावरून जोखतात ते रक्तातले टाकाऊ द्रव्य, उतरते, असा निरोप नातेवाइकांच्या गटात फिरत असतो. आतड्यातले जिवाणू प्रथिनांपासून इंडॉक्सिल सल्फेट आणि पॅरा-क्रेसिल सल्फेट यांच्यासारख्या विषारी द्रव्यांचा कच्चा माल तयार करतात आणि तंतू भरपूर मिळाले की त्यांचा कल बदलतो, हा संशोधनाचा गंभीर विषय आहे. तंतुमय आहाराने युरिया आणि क्रिएटिनिन थोडे उतरल्याचे छोट्या चाचण्यांत दिसलेही आहे. पण हे काम मुख्यतः जिवाणूंना आंबवता येणाऱ्या तंतूंकडून अपेक्षित असते, आणि इसबगोल त्यांत बसत नाही. आईचा क्रिएटिनिनचा आकडा इसबगोलाने हलला नाही, आणि तो हलेल म्हणून आम्ही ते घेतलेही नव्हते.

वापराच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. भुशी औषधे शोषली जाण्यात अडथळा आणू शकते, म्हणून ती आणि गोळ्या यांच्यात दोन तासांचे अंतर ठेवावे; दिवसाला आठ-दहा गोळ्या असलेल्या माणसाला हे वेळापत्रक बसवताना नाकी नऊ येतात. दुसरे, पावसाळ्यात उघडा पुडा हवेतला ओलावा ओढून गठ्ठे धरतो, म्हणून मोठ्या पुड्याच्या मोहात न पडता लहान पुडा घ्यावा आणि कोरड्या काचेच्या बरणीत घट्ट झाकून ठेवावा.

आईसारख्या, पाण्यावर बंधन नसलेल्या रुग्णासाठी मी या वस्तूला पाचापैकी चार गुण देईन. एक गुण कापला तो वेष्टनासाठी. आम्ही आणलेल्या पुड्यावर ‘भरपूर पाण्याबरोबर घ्यावे’ एवढेच बारीक अक्षरांत छापलेले होते. चमचा किती ग्रॅमचा, पाणी किती मिलिलिटर, आणि पाणी मोजून पिणाऱ्या रुग्णाने आधी डॉक्टरांना विचारावे, या तीन ओळी त्याच कोपऱ्यात सहज मावल्या असत्या.