पोर्ट आधीच बंद ठेवायचे की तक्रार आल्यावर?

केबलचा धंदा करता करता आपण बरेच जण फायबरवर आलो. ओएलटी (घरोघरी फायबर सोडणारं मशीन) बसवला, ग्राहकांना सीजीनॅटमागे (एकच पब्लिक पत्ता अनेक घरांत वाटायची सोय) बसवलं, नेट पळायला लागलं. मग एक दिवस अपस्ट्रीमकडून, म्हणजे आपण ज्याच्याकडून नेट घेतो त्याच्याकडून, पहिली अब्यूजची (गैरवापराची) तक्रार येते आणि ठरवावं लागतं. धोक्याचे पोर्ट (नेटवरच्या सेवांची क्रमांक दिलेली दारं) सगळ्यांना आधीपासून बंद ठेवून मागेल त्याला उघडून द्यायचे, की सगळं मोकळं ठेवून ज्याची तक्रार येईल त्याचंच बंद करायचं? जिंतूरच्या एका मित्राने परवा हेच विचारलं. सेलूत माझी साधारण अकराशे कनेक्शनं आहेत. पहिली तीन वर्षं मी मोकळं ठेवलं, गेली चार वर्षं बंद ठेवतोय.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच. आपल्या पूलमधला (आपल्या पत्त्यांच्या साठ्यातला) नसलेला सोर्स पत्ता, म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता, घेऊन निघालेलं पॅकेट बाहेर जाताच कामा नये. बीसीपी ३८ ही इंटरनेट चालवणाऱ्यांसाठीची शिफारस हे २००० सालापासून सांगतेय. सीजीनॅट आहे म्हणजे हे आपोआप होतं असं समजू नका. नॅटचा नियम फक्त आपल्या पूलला लागू असेल, तर खोटा पत्ता लावलेलं पॅकेट नॅट न होता तसंच वर जातं. तो नियम आज लावा, बाकीचा विचार सावकाश करा.

मोकळ्या पद्धतीची बाजू कमजोर नाही. ग्राहकाने पैसे पूर्ण इंटरनेटचे दिलेत, त्यातला कुठला भाग द्यायचा हे आपण का ठरवायचं, हा प्रश्न मला आजही रास्त वाटतो. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१७ च्या नेट न्यूट्रॅलिटीच्या (नेटवर भेदभाव नको या तत्त्वाच्या) शिफारशींमागेही हाच विचार होता. नेटवर्कच्या सुरक्षेसाठी त्यात जागा ठेवलीय, पण ती जागा म्हणजे मनमानीचा परवाना नव्हे. शिवाय मोकळं ठेवलं की फोन कमी येतात. रात्री लाइनवर एकच पोरगा असतो आणि रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडलेली असते, तेव्हा त्याची किंमत कळते.

पण मोकळ्या पद्धतीत एक गृहीत आहे: तक्रार आली की दोषी सापडतो. माझ्याकडे तो सापडत नव्हता, आणि माझा कौल तिथेच फिरला.

दिवाळीनंतरचा कापसाचा हंगाम होता. एका जिनिंगच्या मुनीमजींचा फोन आला, "दादा, नेट तर पळायलंय, मग मेल काहून परत यायलंय?" गाठींची बिलं अडकली होती. पाहिलं तर माझा एक पब्लिक पत्ता स्पॅमच्या काळ्या यादीत गेलेला. त्यांचा मेल ज्या होस्टिंगवर होता तिथे लॉगिन करणाऱ्याचा पत्ताही त्या यादीशी ताडून पाहत होते. खरं तर पासवर्ड देऊन आलेल्या माणसाला असं अडवायला नको, पण काही जण अडवतात आणि त्यांच्यापुढे आपलं काही चालत नाही.

माझ्याकडे एका पब्लिक पत्त्यामागे ३२ घरं आहेत, प्रत्येकाला २०१६ पोर्टचा ठरलेला गठ्ठा. तक्रारीत सोर्स पोर्ट असेल तर घर एका मिनिटात सापडतं. पण तक्रारीत नुसता पत्ता आणि वेळ होती, तीही कुठल्या टाइमझोनची ते लिहिलेलं नव्हतं. सर्व्हरच्या लॉगमध्ये सोर्स पोर्ट ठेवा असं आरएफसी ६३०२ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजामध्ये २०११ सालीच सांगून ठेवलंय. माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी निम्म्यांत तरी तो नसतो. मी यादीतून पत्ता काढून घेतला, दोन दिवसांत तो परत चढला. पुन्हा काढला, पुन्हा चढला. तोवर त्याच पत्त्यामागचा सेतू केंद्रवाला सांगायला आला की फॉर्म भरताना दर पानावर "तुम्ही रोबो नाही ना" विचारतंय आणि बाहेर रांग लागलीय.

शेवटी त्या ३२ जणांकडून पोर्ट २५ वर (मेल सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या दारावर) बाहेर काय जातंय ते नोंदायला लावलं, तेव्हा घर सापडलं. निवृत्त गुरुजींचं. नातवाने गेमसाठी कुठून तरी क्रॅक केलेली फाइल टाकली होती आणि त्यांचा जुना डेस्कटॉप रात्रंदिवस मेल फेकत होता. गुरुजी नुसते म्हणाले, "माझ्यामुळं लोकांची कामं अडली का?" मला उत्तर देता येईना. त्यांच्याकडून जाणूनबुजून काही झालं नव्हतं, आणि घरातून थेट पोर्ट २५ वर मेल पाठवायची गरज त्यांना कधीच नव्हती. तो पोर्ट उघडा होता, कारण मी तो उघडा ठेवला होता.

त्यानंतरच्या आठवड्यात बाहेर जाणारा पोर्ट २५ सगळ्यांना बंद केला. मेल पाठवायला ५८७ आणि ४६५ आहेतच, मोबाइल आणि आउटलुक त्यावरच चालतात. चार वर्षांत पोर्ट २५ मागायला दोघं आले, दोघांनाही त्याच दिवशी उघडून दिला. बाहेर जाणारे २३ आणि २३२३ पण बंद आहेत. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्डच्या जोरावर जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले ते टेलनेटच्या (उपकरणात दुरून लॉगिन करायच्या जुन्या सोयीच्या) याच दारांतून. आपल्याकडे आडत दुकानापासून मंगल कार्यालयापर्यंत सगळीकडे डीव्हीआर आहेत, आणि बसवणारा पोरगा पासवर्ड बदलतोच असं नाही.

आत येणाऱ्या बाजूची काळजी सीजीनॅटवाल्यांना फारशी नसते. ती स्टॅटिक आयपीवाल्यांची, म्हणजे स्वतःचा कायमचा पब्लिक पत्ता घेतलेल्यांची. तिथे यूडीपी आणि टीसीपी या डेटा पाठवायच्या दोन पद्धतींपैकी यूडीपीचे ५३ (नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसचा), १९००, ११२११, शिवाय टीसीपीचे ४४५ आणि ७५४७ बंद ठेवतो. ५३ बंद करताना दिशा नीट पाहा: ग्राहकाच्या ५३ कडे येणारं थांबवायचं, बाहेरच्या ५३ कडून येणारं उत्तर नाही. यूडीपी १२३ तर बंद करूच नका. बरीच उपकरणं वेळ विचारताना सोर्स पोर्टही १२३ च वापरतात. तो बंद झाला की घड्याळ बिघडतं आणि डीव्हीआरच्या फुटेजवर भलतीच तारीख येते. तिथे नुसती वेगमर्यादा लावली तरी भागतं.

बंद पद्धतीची किंमतही सांगायला हवी. पहिल्या दोन महिन्यांत फोन वाढले. डीव्हीआर बाहेरून पाहणाऱ्यांना समजावताना दमछाक झाली. यादी एकदा केली आणि विसरलो असंही चालत नाही, दर सहा महिन्यांनी बसावं लागतं. आणि कुणी विचारलं तर काय बंद आहे आणि का, हे लेखी सांगता आलं पाहिजे. मी कनेक्शनच्या फॉर्मवर मराठीत चार ओळी छापल्यात. ते न करता गुपचूप बंद करणार असाल, तर मोकळं ठेवलेलं बरं असं मला वाटतं.

सॉफ्टवेअरवाल्यांनाही हीच वाट धरावी लागली. मेमकॅश्ड या सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये यूडीपी आधीपासून चालू असायचं. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याचाच वापर करून गिटहब या प्रोग्रामरांच्या साइटवर सेकंदाला १.३५ टेराबिटचा मारा झाला, आणि त्याच सुमारास आलेल्या मेमकॅश्डच्या १.५.६ या आवृत्तीपासून यूडीपी आपसूक बंद झालं. ज्याला हवं त्याने चालू करावं. नव्याने बसवणाऱ्याला काही वाचावं लागत नाही, तरी तो सुरक्षित राहतो.

आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) देणार असाल तर हा निर्णय टाळता येणारच नाही. तिथे नॅटचा आडोसा नाही, राउटरचं फायरवॉल बंद असेल तर घरातला प्रत्येक कॅमेरा थेट जगासमोर. मी ओएनयू (ग्राहकाच्या घरातला फायबरचा डबा) घेताना आता पहिला प्रश्न हाच विचारतो की आयपीव्ही६ चं फायरवॉल कारखान्यातून चालू येतं का. उत्तर नीट मिळालं नाही तर नमुना घरी आणून स्वतः तपासतो.

ग्राहक दोनशेच्या आत असतील, प्रत्येकाला वेगळा पब्लिक पत्ता देता येत असेल आणि प्रत्येकाच्या घरी तुमचं जाणं-येणं असेल, तर मोकळी पद्धतही नीट चालेल. एकाचा त्रास दुसऱ्याला होत नाही, मग घाई कशाला? पण एका पत्त्यामागे वीस-तीस घरं असतील तर किमान पोर्ट २५ तरी बंद ठेवा, असं मी त्या मित्राला सांगितलं. एकदम सगळ्यांना लावू नका. आधी एका ओएलटीवर आठवडाभर नुसती नोंद ठेवा, ड्रॉप करू नका. २५ वर कोण जातंय त्याची यादी निघेल. त्या घरांना आधी फोन करा, मग नियम लावा.