अंतिम फेरीतला खंड्या

चार वर्षं मी पक्ष्यांचे फोटो ऑनलाइन लोकांसमोर मांडतोय. बघणारे थोडे, पण पक्के. फोटोखाली एखादा प्रश्न टाकायचा आणि उत्तरांत रमायचं, ही माझी सवय. छोट्या खंड्याचा नर कोणता, मादी कोणती, यावर आमच्यात दोन दिवस वाद रंगला होता. (मादीच्या खालच्या चोचीवर नारिंगी रंग असतो, नराची चोच काळी.) हे लोक माझ्या शब्दाला मान देतात. हे आधीच सांगतोय, कारण पुढे चोरी झाली ती मुख्यतः या विश्वासाचीच.

तीन पहाटा चिखलात पालथा पडून मला खंड्या पाण्यातून मासा घेऊन वर येताना मिळाला होता. तो फोटो टाकल्याच्या आठवड्यात एका छायाचित्र स्पर्धेचा निरोप आला, ‘आपलं छायाचित्र आमच्या परीक्षकांनी थेट अंतिम फेरीसाठी निवडलं आहे.’ मी कुठे अर्जच केला नव्हता! पण कौतुक ऐकताना असले प्रश्न सुचत नाहीत, मला तरी सुचले नाहीत.

प्रवेश मोफत. मग ‘प्रक्रिया शुल्क’ निघालं, अगदी थोडं, म्हणून भरून टाकलं. मग कळलं की निकाल अर्धा परीक्षकांचा आणि अर्धा लोकांच्या मतांचा. मत द्यायला ईमेल, फोन नंबर आणि ओटीपी. मी रोज फोटोऐवजी मतांची लिंक टाकायला लागलो. ‘एवढं एक मत द्या ना’ म्हणत माणसांच्या मागे लागलो. लोकांनी दिलं, घरच्यांकडूनही देववलं.

यादीत मी कायम दुसरा. पहिला माझ्यापेक्षा जेमतेम दहा-बारा मतांनी पुढे, माझी वाढली की त्याचीही वाढत. शेवटच्या दिवशी त्यांनी ‘जादा मतं’ विकायला काढली आणि, लिहायला लाज वाटते, मी ती घेतली. पुढे याच स्पर्धेतल्या आणखी एका फोटोग्राफरशी बोलणं झालं. त्याच्या पडद्यावर तोही दुसराच होता.

पैशांपेक्षा मोठी चूक मी फाईल दिली ही. ‘छापील संग्रहासाठी मूळ आकारातली प्रत पाठवा’ म्हणाले आणि मी ६००० बाय ४००० पिक्सेलची फाईल, फोटोवर माझं नाव न घालता, पाठवून दिली. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ती २० बाय १३ इंचांवर उत्तम छापली जाते. एरवी मी १२०० पिक्सेलच्या वर काही टाकत नाही, त्याच हिशेबाने तेवढ्या फाईलचा ४ इंचांपलीकडे चांगला प्रिंट निघत नाही. इतकी वर्षं पाळलेला नियम मी एका निरोपावर मोडला.

निकाल दोनदा पुढे गेला आणि मग पानच गायब झालं. त्यानंतर माझ्या बघणाऱ्यांना कर्जाचे, लॉटरीचे फोन सुरू झाले. काही महिन्यांनी सहज खंड्याचा फोटो गूगल लेन्समध्ये, म्हणजे फोटोवरून फोटो शोधणाऱ्या सेवेत, टाकून पाहिला, तर तो एका विक्रीच्या साइटवर कॅलेंडरवर बसलेला, खाली दुसऱ्याच कोणाचं नाव. मूळ रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्यातून जशीच्या तशी निघालेली, माझ्याकडे होती, आणि स्वामित्वहक्काच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारानुसार नोंदणी न करताही फोटोचा हक्क काढणाऱ्याचाच असतो, म्हणून मी ताठ होतो. मग जतन करून ठेवलेल्या अटी नीट वाचल्या. ‘स्वामित्वहक्क छायाचित्रकाराकडेच राहील’ हे ठळक अक्षरांत. त्याच्या पुढच्या ओळीत, बारीक अक्षरांत, फोटो कायमस्वरूपी, विनामोबदला वापरण्याची आणि तो अधिकार तिसऱ्याला देण्याचीही परवानगी. म्हणजे सातबारा माझ्या नावावर आणि पीक त्यांचं. चुकीच्या नावाबद्दल तक्रार केल्यावर ते कॅलेंडर तेवढं निघालं.

परीक्षकांचे चेहरे शोधले, तर ‘मुख्य परीक्षक’ हा जाहिरातींसाठी विकत मिळणाऱ्या फोटोंमधला मॉडेल निघाला. मला निरोप आला तेव्हा स्पर्धेच्या साइटचा पत्ता नोंदवूनही जेमतेम दोन महिने झाले होते. दोन्ही गोष्टी तपासायला मला पंधरा मिनिटं लागली.

फी घेतली म्हणून स्पर्धा खोटी, असं मात्र समजू नका. ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ १९६५ पासून चालू आहे आणि तिथेही बऱ्याच स्पर्धकांना प्रवेशाला पैसे पडतात. पण ते आधीच सांगितलेले असतात. पुढच्या फेरीत मूळ फाईल मागतात ती फोटोत फेरफार झालाय का हे तपासायला. चांगल्या स्पर्धांच्या अटींत फोटो कशासाठी वापरणार, तेही लिहिलेलं असतं. ‘प्रसिद्धीसाठी, नावासह’ हे शब्द शोधा. त्या जागी ‘कोणत्याही माध्यमात, कायम’ दिसलं तर तिथूनच परत फिरा. आणि मतांसाठी कोणी तुमच्या लोकांचे फोन नंबर मागत असेल, तर त्याला तुमच्या फोटोचं काही पडलेलं नसतं.

सगळ्यांची माफी मागणारं मी लिहिलं, अनोळखी फोन उचलू नका असंही कळवलं. बरेच जण काही बोलले नाहीत, काही गेले. रोज न चुकता अभिप्राय देणारे एक काका आहेत, त्यांनी नेमकं तेच वाचलं नव्हतं. ‘निकाल लागला का?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काका, स्पर्धाच खोटी होती. त्यांचं उत्तर आलं, ‘मग पहिला नंबर तुझाच धरतो. पण सुनेचा नंबर दिला होता मी, ती चिडलीय. तिला काय सांगू?’